वाकायचे ते वाकू द्या

या पानावर आम्ही आजवर सुताचे भाव, रंगाचे भाव, यंत्रमागाची वीज आणि उधारीची वसुली यांवर लिहीत आलो. आज बर्फावर चालणाऱ्या गाडीच्या दुरुस्तीवर लिहायला बसलो आहोत, म्हणून वाचक बांधव हसतील. कापडवाल्याचा बर्फगाडीशी संबंध काय? संबंध आहे, आणि तो आम्हाला चांगलाच महागात पडला आहे. शिवाय या प्रकरणात दोष एका कारागिराच्या माथी मारला गेला, आणि तो मारणाऱ्यांत आम्हीही होतो. तेव्हा हा हिशेब चारचौघांत मांडणे आमच्यावर लागते.

शालींच्या खरेदीसाठी आम्ही गेली पंचवीस वर्षे श्रीनगरला जातो. तिथल्या ज्या हाजीसाहेबांकडून आम्ही माल उचलतो, त्यांच्या धाकट्या भावाने शालींचा धंदा सोडून गुलमर्गला पर्यटकांसाठी बर्फगाड्या घेतल्या. तिकडे लोक तिला स्नो बाइक म्हणतात, कोणी स्नो स्कूटर म्हणतात. पहिली गाडी त्यांनी स्वतःच्या पैशाने घेतली. दुसरीच्या वेळी रक्कम कमी पडली, तेव्हा आम्ही काही हातउसने दिले. त्यामुळे त्या गाडीचा पुढचा हात मोडला की आमच्याही पोटात गोळा येई.

ज्यांनी ही गाडी पाहिली नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. मागे चाकांऐवजी रबराचा रुंद पट्टा असतो. इंजिन तो पट्टा फिरवते आणि गाडी पुढे ढकलली जाते. पुढे दोन घसरपट्ट्या, म्हणजे स्की. हँडल वळवले की स्की वळतात. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतातल्या बोंबार्डिये यांच्या कारखान्याने १९५९ मध्ये स्की-डू नावाची छोटी गाडी बाजारात आणली आणि हा प्रकार घरोघरी गेला. त्या काळच्या गाड्यांना पुढे ट्रकसारखे पाटे असत. पाटे खडखडत, पण मोडत क्वचित. पुढे प्रत्येक स्की आपापली वरखाली व्हावी अशी रचना आली. त्यात वर एक आणि खाली एक असे इंग्रजी ए अक्षराच्या आकाराचे दोन नळीदार हात असतात. मिस्त्री त्यांना नुसते आर्म म्हणतात. आर्मच्या बाहेरच्या टोकाला बॉल जॉइंट, त्यात उभा खुंटा म्हणजे स्पिंडल, आणि स्पिंडलच्या पायाशी स्की. आतल्या टोकाला बुश आणि बोल्ट, ते जाऊन बसतात गाडीच्या पुढच्या सांगाड्यात. या सांगाड्याला बल्कहेड म्हणतात. आर्म आणि सांगाडा यांच्यामध्ये शॉक अब्सॉर्बर. एवढी ओळख पुरे.

आता प्रसंग. २०२४ चा जानेवारी गुलमर्गला जवळजवळ कोरडा गेला, हे सर्वांनी वर्तमानपत्रांत वाचलेच असेल. जिथे गुडघाभर बर्फ असायचे तिथे पिवळे गवत दिसत होते. महिन्याच्या अखेरीस बर्फ आले आणि सगळे गाडीवाले एकदम धावले. धावणारच. या धंद्याचा मोसम मोठ्या मुश्किलीने तीन-साडेतीन महिन्यांचा, त्यातला दीड महिना हातावर हात ठेवून गेलेला. पण नव्या बर्फाखाली जुना कठीण थर नव्हता. वरून पांढरी चादर, आणि खाली दगड, झाडांचे बुंधे, कुंपणाच्या खुंट्या जशाच्या तशा. भर मोसमात हेच बुंधे हातभर बर्फाखाली असतात आणि गाडी त्यांच्यावरून निघून जाते. पातळ बर्फात ते थेट स्कीला आणि गाडीच्या पोटाला लागतात. आमची गाडी फेब्रुवारीच्या पहिल्याच आठवड्यात एका बुंध्याला धडकली. उजवीकडचा खालचा आर्म धनुष्यासारखा वाकला, पोटाखालचे प्लॅस्टिकचे आवरण चिरले. बसलेल्याला खरचटलेसुद्धा नाही.

आम्ही तेव्हा योगायोगाने श्रीनगरलाच होतो. गाडी खाली टंगमर्गला एका उस्तादांच्या शेडमध्ये आणली. उस्तादांनी आर्म काढून बाकावर ठेवला, सांगाड्याची मापे घेतली आणि म्हणाले, "जनाब, गाडीचे नशीब चांगले. आर्म गेला, आत काही झाले नाही. नवा आर्म मागवा. तोवर हा सरळ करून देतो, पण गाडी हळू चालवायची, आणि खाली प्लेट लावून घ्या."

नवा आर्म परदेशातून येणार, तीन आठवडे लागणार. मोसम उरला होता सहा आठवड्यांचा. हाजीसाहेबांचे भाऊ वैतागले. आम्हीही त्यांना दुजोरा दिला. आम्ही म्हणालो, "उस्ताद, हा नळीचा खेळ आहे, याला पुन्हा वाकायला काय लागते? याच्या पाठीला चांगले जाड अँगल लावा. पुन्हा वाकता कामा नये." उस्ताद दोनदा नाही म्हणाले. "लोखंड घालायला माझे काय जाते? पण धक्का कुठेतरी जाणारच ना," एवढेच ते बोलले. तिसऱ्यांदा मालकाने आवाज चढवला, तेव्हा त्यांनी वेल्डिंगची काच डोळ्यांवर ओढली.

आठ-दहा दिवसांनी गाडी पुन्हा आपटली, या वेळी दगडावर. वेग फार नव्हता. आर्म जसाच्या तसा राहिला, एक केसभर वाकला नाही. मात्र आर्म जिथे सांगाड्याला बसतो ती जागा फाटून बाहेर आली. अल्युमिनियमची ओतीव कड तुटली, शेजारचे रिव्हेट उखडले, शॉकचा दांडा वाकला आणि हँडलचा रॉड मुरगळला. त्या मोसमात गाडी पुन्हा उभी राहिली नाही. एक आर्म वाचवायला आम्ही सांगाडा घालवला. आणि बाजारात बोलबाला झाला तो असा की उस्तादांचे वेल्डिंग कच्चे. खरे म्हणजे वेल्डिंग इतके पक्के होते की नुकसान त्यानेच केले.

यात समजायला अवघड असे काही नाही, आणि मागावर जन्म घालवलेल्या आमच्या वाचकांना तर मुळीच नाही. साध्या यंत्रमागावर लूज रीड असते. धोटा एका पेटीतून दुसऱ्या पेटीत पोहोचला नाही, ताण्याच्या मध्येच अडकला, तर फणी खालून मागे सरकते. ती सरकली नाही तर अडकलेला धोटा फणीच्या ठोक्याने ताण्यावर दाबला जाईल आणि शेकडो तार एका क्षणात तुटतील. आमच्या तरुणपणी एका कारखानदाराने फणी खडखडते म्हणून ती तारेने घट्ट बांधून घेतली होती. चार दिवस माग आवाज न करता चालला. पाचव्या दिवशी धोटा अडकला आणि तार जोडणारा दीड दिवस खाली मान घालून बसला. आम्ही त्या कारखानदाराला हसलो होतो. तीस वर्षांनी गुलमर्गच्या गाडीला आम्ही तेच केले.

आर्म हा त्या गाडीची लूज रीड आहे. कारखान्याने त्याची नळी मुद्दाम एवढ्याच जाडीची ठेवलेली असते की साध्या धक्क्याला ती टिकावी आणि मोठ्या धक्क्याला तीच आधी जावी. कारण आर्म चार बोल्ट काढून बदलता येतो. सांगाडा बदलायचा म्हणजे इंजिन उतरवा, स्टिअरिंग उतरवा, सगळी गाडी उघडा. काही मॉडेलांत सांगाड्याचे भाग रिव्हेटबरोबर चिकटद्रव्यानेही जोडलेले असतात. तिथे वेल्डिंगची आच लागली की चिकटवलेला सांधा जळून जातो, म्हणजे एक चीर बुजवताना दुसरा सांधा सुटतो. स्वस्त आणि बदलता येणारा भाग महाग भागाआधी मोडला पाहिजे, ही रचना आहे. मालक तिला कमजोरी समजतो.

आता कोणी म्हणेल, म्हणजे मजबुतीकरण करायचेच नाही का? तसेही नाही. मजबुती कुठे आणि किती, हा प्रश्न आहे. गेल्या दोन मोसमांत उस्तादांच्या शेडमध्ये बसून आम्ही जे पाहिले, विचारले आणि थोडेफार समजून घेतले, ते सांगतो.

वाकलेला आर्म हातात आला की आधी पाहायचे तो लोखंडाचा आहे की अल्युमिनियमचा. चुंबक लावले की कळते. अल्युमिनियमचा असेल तर तापवून सरळ करण्याच्या नादी लागूच नये. तो डोळ्यांना सरळ दिसतो, पण आतून चिरलेला असू शकतो, आणि आच लागल्याने त्याची ताकद जाते. तो भंगारात द्यायचा. लोखंडी असेल आणि वाक थोडा असेल तर प्रेसवर थंडच सरळ करता येतो. चांगल्या आर्मची नळी साध्या लोखंडाची नसते, क्रोम-मोली मिश्रधातूची असते. तिला लालबुंद करून वर पाणी ओतले की ती जागा काचेसारखी ठिसूळ होते. आमच्याकडे वेल्ड झाले की पाणी मारायची सवय आहे, ती इथे घात करते. तिला आपोआप थंड होऊ द्यायचे. नळीला एकदा चुणी पडली, म्हणजे आतल्या बाजूला सुरकुती आली, की सरळ करून उपयोग नाही, पुढच्या वेळी ती तिथेच दुमडणार.

पट्टी लावायचीच असेल तर ती लांबीच्या दिशेने, पातळ, आणि दोन्ही टोकांना निमुळती होत गेलेली असावी. नळीच्या आडवे वेल्ड मारू नये. आडव्या वेल्डच्या कडेलाच नळी तुटते. जाड पट्टी जिथे एकदम संपते तिथेही तेच होते, कारण ताठ भाग आणि लवचीक भाग जिथे भेटतात तिथे सगळा ताण गोळा होतो. शिवणकाम करणारांना हे वेगळे सांगायला नको: जाड ठिगळ जुन्या कापडावर लावले की ठिगळ फाटत नाही, ठिगळाच्या कडेने कापड फाटते. आम्ही लावलेले अँगल म्हणजे मलमलीवर टाट शिवले होते.

पट्टीची जागा कोणती? ज्या जागी रोजच्या हादऱ्याने बारीक चिरा पडतात ती. शॉकचा खालचा कान आर्मला जिथे जोडलेला असतो ती जागा तशी आहे. तिथे कारखान्याचे वेल्ड आखूड असते, तिथे एक छोटी त्रिकोणी पट्टी शोभते. हा रोजचा ताण आहे, अपघाताचा नव्हे. रोजच्या ताणासाठी मजबुती द्यावी. अपघाताच्या धक्क्यासाठी मात्र वाट मोकळी ठेवावी.

वेल्ड करण्यापूर्वी आर्म गाडीवरून काढायचाच. गाडीवर वेल्ड करणारे कारागीर आम्ही पाहिले आहेत, पेट्रोलची टाकी दोन हातांवर आणि बॅटरीची तार लावलेली. यात आग लागण्याचा धोका तर आहेच, शिवाय इंजिनचा संगणक जळतो तो वेगळा. बुश आणि बॉल जॉइंट काढून घ्यायचे, नाहीतर ते आचेने वितळतात. शॉकमध्ये दाबलेला गॅस असतो, त्याच्या जवळ ज्योत नेऊ नये. रंग घासून धातू चकचकीत दिसेपर्यंत साफ करायचा. हे सारे उस्तादांना मुखोद्गत आहे. आम्ही लिहितो ते मालकांसाठी, कारण "गाडीवरच मार ना, काढायला वेळ कशाला घालवतोस" हे वाक्य मालकाचे असते.

आर्म बदलला म्हणजे काम झाले असेही नाही. सांगाडा हलला आहे का ते मोजावे लागते. त्याला महागडे यंत्र लागत नाही. सुतार चौकट गुण्यात आहे की नाही ते कसे पाहतो? दोन्ही कर्ण मोजून. तसेच डाव्या आर्मच्या बोल्टपासून मागच्या मध्यखुणेपर्यंत आणि उजव्या बोल्टपासून त्याच खुणेपर्यंत दोरी धरायची. फरक आला की सांगाडा सरकला. रिव्हेटच्या डोक्याभोवती काळी भुकटी दिसली तर तो रिव्हेट सैल होऊन घासतो आहे, हेही नक्की. मोठा अपघात झालेला नसला तरी दर आठवड्याला चिंधीने पुसून हे रिव्हेट पाहावेत. शेवटी दोन्ही स्की एका रेषेत आणायच्या. बहुतेक गाड्यांत हँडल सरळ धरल्यावर स्कीची पुढची टोके मागच्यापेक्षा किंचित बाहेर ठेवतात, काही मिलीमीटरच. नेमके माप त्या गाडीच्या पुस्तकात असते आणि ते पुस्तक बहुतेक मालकांनी गाडी घेतल्याच्या दिवशीच हरवलेले असते. बोल्टबद्दल एकच सांगतो: कारखान्याच्या बोल्टच्या जागी बाजारातला मऊ बोल्ट घालू नका, आणि नायलॉनची लॉक-नट एकदा काढली की पुन्हा वापरू नका. दहा-वीस रुपयांची काटकसर लाखाच्या गाडीवर करू नये.

आता गाडीच्या पोटाकडे वळू, कारण खरी मजबुती इथे हवी आहे आणि इथेच मालक हात आखडता घेतात. बर्फगाडीचे पोट म्हणजे पातळ प्लॅस्टिकचे तबक. खोल बर्फात ते होडीसारखे तरंगायला मदत करते. दगडावर ते टिकत नाही. त्याच्या खाली स्किड प्लेट लावतात, आणि आर्मच्या खालच्या बाजूला तशीच वाकवलेली ढाल लावतात. बुंधा आला तर तो नळीत अडकण्याऐवजी ढालीवरून घसरून मागे निघून जावा, हा उद्देश. धक्का पेलण्यापेक्षा तो चुकवलेला बरा.

ही प्लेट कशाची असावी यावर त्या शेडमध्ये आम्ही दिवसभर वाद घातला. हाजीसाहेबांचे भाऊ म्हणत, लोखंडी पत्रा. आम्ही म्हणालो, अल्युमिनियम. उस्तादांनी एका कोपऱ्यातून पांढऱ्या प्लॅस्टिकचा जुना तुकडा आणला, एका कॅनेडियन प्लेटमधून उरलेला. आम्ही तो हातात घेतला, नखाने ओरखडला, नाकाला लावला आणि हसूच आले. वाचकहो, हे आपले पिकरचे प्लॅस्टिक! धोट्याला ठोसा मारणारा पिकर पूर्वी म्हशीच्या कातड्याचा असे, पुढे तो जाड पॉलिथिलीनचा आला. त्याच जातीतले सर्वांत चिवट पॉलिथिलीन, ज्याला कारखानदार यूएचएमडब्ल्यू म्हणतात, ते या प्लेटांना वापरतात. धोट्याचे टोक दिवसभर ठोसे मारते तरी जे फुटत नाही, ते बुंध्याला काय भिणार?

वजनाचा हिशेब पाहा. सहा मिलीमीटर जाडीचा एक चौरस मीटर तुकडा घेतला तर लोखंडाचा सुमारे ४७ किलो भरतो, अल्युमिनियमचा १६ किलो, आणि या प्लॅस्टिकचा साडेपाच-सहा किलो. गाडीच्या नाकावर ४७ किलो टाकले तर नाक बर्फात रुतेल आणि हँडल वळवताना हात भरून येतील. शिवाय धातूला बर्फ चिकटते आणि तो एकदा आत पोचला की तसाच पोचलेला राहतो. हे प्लॅस्टिक गुळगुळीत असते, दबले तरी बऱ्याच अंशी परत येते, आणि कडाक्याच्या थंडीतही ठिसूळ होत नाही.

मात्र त्याचे दोन नखरे आहेत, ते न कळल्यामुळे लोकांच्या प्लेटा वाया जातात. पहिला, त्याला कोणताही डिंक धरत नाही. एपॉक्सी लावा, रबर सोल्यूशन लावा, दोन दिवसांत पापुद्रा निघतो. ते बोल्टने किंवा रुंद डोक्याच्या रिव्हेटने, मागे वॉशर देऊनच बसवावे लागते. पोटाचे मूळ आवरण चिरले असेल तर चिरेच्या टोकाला आधी बारीक भोक पाडावे, म्हणजे चीर पुढे धावत नाही. मग त्याच जातीच्या प्लॅस्टिकची कांडी वितळवून ती सांधावी. दुसरा नखरा असा की ते थंडीत फार आकसते. शेडमध्ये शेगडीच्या उबेत बसवलेली प्लेट बाहेर शून्याखाली पंधरा अंशांत गेली की मीटरभर लांबीला पाच-सहा मिलीमीटर आखूड होते. भोके बोल्टाला घट्ट बसतील अशी पाडली तर प्लेट तरी फाटते किंवा आवरण तरी ओढले जाते. म्हणून मधले एक भोक गोल ठेवायचे आणि बाकीची लांबट. कापड आटते म्हणून शिलाईत दाब सोडतो, तसेच हे.

प्लेटेचे तुकडे एकाहून अधिक असतील तर पुढचा तुकडा मागच्यावर, जमिनीच्या बाजूने, चढलेला हवा. कौले उलटी लावली तर पाणी आत शिरते, प्लेटा उलट्या लावल्या तर बर्फ आणि फांद्या कडेत घुसून प्लेट उपटतात. खाली पाणी वाहून जायला भोके ठेवावीत, नाहीतर प्लेट आणि आवरण यांच्यामध्ये बर्फ साचून दगड होतो आणि वाचवलेले सगळे वजन पुन्हा चढते. आवरणातले हवेचे झरोके बुजवू नयेत.

झरोक्यांवरून आठवले. पातळ बर्फात फक्त आर्मच मोडतात असे नाही. पाण्याने थंड होणाऱ्या गाड्यांचा रेडिएटर मोटारीसारखा नाकात नसतो. तो मागच्या पट्ट्याच्या वर, छताला असतो, आणि पट्टा जे बर्फ उडवतो त्याने थंड राहतो. बर्फच नसेल तर इंजिन तापते. पट्टा ज्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांवरून घसरतो त्यांनाही बर्फाचेच वंगण असते. तेव्हा अर्ध्या गवतावर आणि अर्ध्या बर्फावर गाडी फिरवून फेरीचे पैसे वसूल करणारे मालक खालून-वरून दोन्हीकडून पैसे जाळतात. अशा दिवशी गाडी उभी ठेवणे हीच कमाई आहे. २०२५ मध्येही बर्फ अपुरे म्हणून गुलमर्गचे हिवाळी खेळ पुढे ढकलावे लागले. त्या फेब्रुवारीत आम्ही हाजीसाहेबांच्या भावाला फोनवर हेच सांगत होतो, आणि ते म्हणत होते, "सेठ, तुम्ही मुंबईत बसून सांगता, इथे हप्ता डोक्यावर आहे." दोघांचेही बरोबर होते.

आता पैशाचे. आमचे मत असे की ज्याच्याकडे एक जरी बर्फगाडी आहे त्याने खालचे दोन आर्म, एक हँडलचा रॉड, बुश आणि बॉल जॉइंट उन्हाळ्यातच मागवून ठेवावेत. मोसमात ते मागवण्यात जे तीन आठवडे जातात, त्यांची किंमत आर्मच्या किमतीपेक्षा जास्त असते. आमचे कारखानदार चार पिकर, दोन धोटे कपाटात ठेवल्याशिवाय पाळी सुरू करत नाहीत. मग तीन महिन्यांच्या मोसमावर जगणारा माणूस एकही सुटा भाग न ठेवता कसा उभा राहतो, हे आम्हाला आजही कळत नाही. सुट्या भागांची तर पुढे आणखी अडचण येईल. यामाहासारख्या मोठ्या कंपनीने २०२३ मध्ये जाहीर केले की बर्फगाड्यांचा धंदा आपण बंद करणार. उद्या आणखी कोणी सोडेल. जुन्या गाड्यांचे आर्म तेव्हा कारागिरालाच बनवावे लागतील. त्यासाठी आज चांगल्या आर्मवरून लोखंडी साचा, म्हणजे जिग, बनवून ठेवणे शहाणपणाचे. उस्तादांनी दोन मॉडेलांचे बनवलेही आहेत.

सर्वांत अवघड गोष्ट म्हणजे नुकसान कोणाचे. आमच्या प्रकरणात मालकाने उस्तादांची मजुरी बुडवली. आम्ही त्या वेळी गप्प बसलो. नंतर कळले की त्या बदनामीने उस्तादांकडे येणाऱ्या तीन गाड्या दुसऱ्या शेडमध्ये गेल्या, आणि त्या दुसऱ्या शेडने आनंदाने त्यांना अँगल लावून दिले. कारागीर नाही म्हणतो तेव्हा तो काम टाळतो आहे असे आपल्याला वाटते. आपल्या मागवाल्यांचेही असेच आहे. जॉबर म्हणतो या सुताला एवढा वेग झेपणार नाही, आणि मालक म्हणतो, तू चालव. तार तुटले की जॉबर नालायक. म्हणून आता आम्ही उस्तादांना म्हणतो की नाही म्हणालात तर ते बिलावर लिहा. "मालकाच्या सांगण्यावरून अमुक केले, आमचा सल्ला तमुक होता", एवढ्या दोन ओळी, खाली मालकाची सही. उस्ताद म्हणतात, "अशी सही मागितली तर गिऱ्हाईक परत येईल का?" निम्मी परत येणार नाहीत, हे आम्हालाही दिसते. तरीही सही मागावी असे आमचे मत आहे. जो मालक सही देत नाही त्याला स्वतःलाच आपल्या हट्टाची खात्री नसते.

आमच्या व्यापारी बांधवांना यात एक छोटासा धंदाही दिसेल. पिकरच्या जातीचे पॉलिथिलीनचे तक्ते आपल्या यंत्रमागाच्या गावांतल्या मिल स्टोअरवाल्यांना परके नाहीत. तिकडे मात्र या प्लेटा परदेशातून तयार होऊन येतात आणि त्यांचे पैसे ऐकून आम्हाला घाम फुटला. नमुना घेऊन मापाप्रमाणे कापायच्या, कडा घासायच्या, लांबट भोके पाडायची, आर्मच्या ढाली गरम हवेने वाकवायच्या, हे काम आपल्याकडच्या कोणत्याही चांगल्या प्लॅस्टिक कारागिराच्या आवाक्यातले आहे. गिऱ्हाईक फार नाहीत, हे खरे. यातून कोणी बंगला बांधणार नाही. पण आपल्याकडे मंदी असते आणि तिकडे मोसमाची तयारी चालू असते, असे दोन महिने सहज सापडतात.

आम्ही पहिल्या चार प्लेटा कापून घेतल्या. एक चुकली, तिची भोके आमच्या घाईने गोलच पडली होती. ती घरी गच्चीवर पाण्याच्या टाकीवर झाकण म्हणून चांगली बसली. बाकीच्या तीन, सहा ढाली आणि रिव्हेटचा डबा असे पार्सल ट्रान्सपोर्टमध्ये टाकले आहे. बर्फ पडायच्या आत ते पोचेल. पावती हाजीसाहेबांच्या भावाच्या नावाने करायची की उस्तादांच्या, यावर आमच्या मुलाशी थोडी बोलाचाली झाली. आम्ही ती उस्तादांच्या नावाने केली, आणि बुडालेली मजुरी त्याच पार्सलच्या हिशेबात त्यांच्या जमेला लिहिली.